लोकर, खायचे रंग आणि आपल्या श्रमाचा हिशेब

(महिला मंडळं आणि बचत गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



आजच्या सत्राचा विषय ऐकून काही जणींना आश्चर्य वाटलं असेल. काल आपण दिवसभर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोललो. उद्या जमिनीवरच्या नावाबद्दल बोलणार आहोत. आणि मधेच हे काय, खायच्या रंगाने घरी लोकर रंगवायची? हा तर भरतकाम-विणकामाच्या वर्गातला विषय झाला.

हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. गेल्या काही वर्षांत बचत गटांच्या बैठकांतून एक प्रश्न सारखा समोर येतो. बाया विचारतात, "ताई, विणकाम येतं, क्रोशाचं येतं, पण एकाच रंगाचा माल कोण घेणार? कोणीतरी सांगितलं की जिलेबीत घालतो त्या रंगाने लोकर घरीच रंगवता येते. खरं आहे का? त्यातून चार पैसे सुटतील का?" या एका प्रश्नात आपल्या चळवळीचे तीन प्रश्न आहेत. बाईच्या हाताशी असलेलं ज्ञान, बाईच्या घरातलं आरोग्य आणि बाईच्या वेळाची किंमत. कार्यकर्ती म्हणून आपण "हो, येते रंगवता" एवढंच सांगून उठलो, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि उरलेले दोन तिच्याच गळ्यात टाकले असं होईल. म्हणून आज तिन्ही बोलू.

लोकरीला रंग का धरतो

आधी सरळ उत्तर. खरं आहे. खायच्या रंगाने लोकर रंगते, आणि चांगली रंगते. सुती कापड मात्र रंगत नाही. हा फरक समजून घ्या, कारण तो समजला की बाकीची कृती पाठ करावी लागत नाही.

लोकर म्हणजे मेंढीचे केस. आपले केस, नखं आणि कातडीचा वरचा थर ज्या जातीच्या प्रथिनाचे असतात, त्याच जातीच्या प्रथिनाची ती असते. त्याला केराटिन म्हणतात. या प्रथिनाला आंबट पाण्यात, म्हणजे व्हिनेगर किंवा लिंबू घातलेल्या पाण्यात गरम केलं, की त्याच्यावर धन विद्युतभार येतो. खायच्या कृत्रिम रंगाच्या कणांवर ऋण भार असतो. दोघं एकमेकांना धरतात. कापूस हा प्रथिनाचा नाही, तो वनस्पतीचा, सेल्युलोजचा. त्याच्याकडे हा धरायचा हात नाही. म्हणून सरबत रुमालावर सांडलं तर डाग धुऊन निघतो, आणि तोच रंग लोकरीच्या शालीवर सांडला तर बसतो. रेशीम प्रथिनाचं आहे, तेही रंगतं. नायलॉनही रंगतं. ॲक्रिलिक रंगत नाही.

हे ॲक्रिलिक लक्षात ठेवा, कारण फसगत इथेच होते. आपल्या गावाच्या बाजारात "लोकर" म्हणून जे गुंडे मिळतात, ते बहुतेक ॲक्रिलिकचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीच्या धाग्याचे असतात. दुकानदारही त्याला लोकर म्हणतो, आपणही म्हणतो. एखादीने हौसेने पांढरे दहा गुंडे आणले, रंगाच्या पाण्यात तासभर उकळले, आणि धुतल्यावर ते पांढरेच्या पांढरे निघाले, तर ती म्हणणार, "मलाच जमत नाही." तिला सगळं जमतं. धागा लोकरीचा नव्हता, एवढंच.

ओळखायची परीक्षा सोपी आहे. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून, काडीने पेटवा. खरी लोकर धड पेटत नाही, ज्योत बाजूला केली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळतं, काळा धूर येतो आणि मागे कडक गोळी राहते. ती गरम गोळी बोटाला चिकटते, म्हणून चिमटा सोडायचा नाही. गटात ही परीक्षा आधी करा, मग पैसे खर्च करा.

कृती

आता कृती सांगते. लिहून घ्या.

शंभर ग्रॅम पांढऱ्या लोकरीची लडी घ्या. गुंडा नको, कारण गुंड्याच्या आत रंग पोचत नाही. लडीला तीन-चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल गाठ मारा. घट्ट बांधली तर तिथे पांढरे पट्टे राहतात. ही लडी कोमट पाण्यात थोडा रिठा किंवा सौम्य साबण घालून अर्धा तास भिजवा. मेंढीच्या लोकरीत तेल असतं. ते निघालं नाही तर रंग डाग-डाग बसतो. धुण्याचा सोडा मात्र घालायचा नाही, त्याने लोकर खराब होते.

स्टीलच्या मोठ्या पातेल्यात अडीच-तीन लिटर पाणी घ्या. त्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घाला. व्हिनेगर नसेल तर एक ते दोन छोटे चमचे लिंबूसत्व, किंवा चार-पाच लिंबांचा गाळलेला रस. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, आंबट पाणी त्याला खातं. रंगाची पूड पाव ते अर्धा छोटा चमचा आधी कपभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, मग पातेल्यात ओता. कोरडी पूड लोकरीवर पडली तर तिथे गडद ठिपका बसतो आणि तो निघत नाही.

ओली लडी पातेल्यात सोडा आणि मंद आचेवर ठेवा. अर्ध्या तासात पाणी वाफाळायला लागलं पाहिजे, पण खळखळून उकळी येऊ द्यायची नाही. मग तसंच अर्धा तास ठेवा. मधून एखाद वेळा हलक्या हाताने लडी उलटायची, ढवळत बसायचं नाही. थोड्या वेळाने तुम्हाला एक गंमत दिसेल. पातेल्यातलं पाणी हळूहळू निवळतं. रंग पाण्यातून निघून लोकरीत जातो. पाणी स्वच्छ झालं म्हणजे काम झालं. आच बंद करा आणि लडी त्याच पाण्यात पूर्ण थंड होऊ द्या. घाई करून गरम लडी थंड पाण्यात टाकली किंवा चोळली, तर लोकरीच्या तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा होतो. नंतर तो सुटत नाही. थंड झाल्यावर त्याच तापमानाच्या पाण्यात हलकेच खळबळा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा.

रंगांचेही स्वभाव असतात. तांबडा आणि पिवळा लवकर बसतो, निळा उशिरा. म्हणून जांभळा करायला तांबडा आणि निळा एकत्र घातले, तर पुष्कळदा लडी कुठे गुलाबी आणि कुठे निळी निघते. एरिथ्रोसीन नावाचा गुलाबी-तांबडा रंग जास्त आंबट पाण्यात विरघळलेला राहत नाही, त्याचा गाळ होतो. असं झालं तर आंबटपणा कमी करा किंवा दुसरा तांबडा वापरा. डबीवर नाव आणि क्रमांक लिहिलेला असतो. आपल्याकडे खाण्यासाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे: टार्ट्राझीन १०२, सनसेट यलो ११०, कार्मोइसीन १२२, पोन्सो फोर आर १२४, एरिथ्रोसीन १२७, इंडिगो कार्माइन १३२, ब्रिलियंट ब्लू १३३ आणि फास्ट ग्रीन १४३. दुकानातला "जिलेबी रंग" किंवा हिरवा रंग यांपैकी एक किंवा दोन-तीन मिळून केलेला असतो. गटाने एक वही ठेवावी. लोकर किती, कोणता क्रमांक, किती चमचे, किती वेळ, आणि शेजारी त्या लोकरीचा बोटभर तुकडा चिकटवलेला. अशी वर्षभराची वही म्हणजे गटाची मालमत्ता आहे. ती कोणी बाहेरचा माणूस "बघून देतो" म्हणून नेऊ लागला तर देऊ नका.

एक उणीवही सांगते. हे रंग उन्हाला आणि वारंवार धुण्याला फार टिकाऊ नाहीत. सोड्याच्या साबणाने तर सुटतातच. माल विकायचा असेल तर गिऱ्हाइकाला सांगा: थंड पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं. हे लपवून विकलेली पहिली शाल फिकी पडली की दुसरी शाल विकली जात नाही.

डबी कोणती आणि पुडी कोणती

आता दुसरा प्रश्न, आरोग्याचा. मला खरी काळजी या भागाची आहे.

खायचा रंग आणि कापडाचा रंग ही दोन वेगळी घराणी आहेत असं आपल्याला वाटतं. तसं नाही. १८५६ साली इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या तरुण रसायनतज्ज्ञाला डांबरापासून काढलेल्या द्रव्यातून जांभळा रंग मिळाला. तिथून कृत्रिम रंगांचा कारखानदारी धंदा वाढला. कापडालाही हेच रंग, मिठाईलाही हेच. पुढे कायदे झाले तेव्हा त्यातले थोडे खाण्यासाठी ठेवले, बाकीचे बाद केले. आजही खाण्यातला टार्ट्राझीन रंगाऱ्याच्या यादीत "ॲसिड यलो २३" या नावाने असतो. म्हणून तर लोकर त्याला धरते.

याची उलटी बाजू तुम्ही ऐकली असेल. मेटॅनिल यलो हा रंग लोकर आणि रेशीम रंगवण्याचा. त्याला खाण्यासाठी परवानगी नाही. तरी हळदीत, डाळीत, स्वस्त मिठाईत तो भेसळ म्हणून सापडत आला आहे, कारण तो पिवळाधमक आणि स्वस्त. रोडामाइन बी हा तसाच कापडाचा गुलाबी रंग. तो सापडला म्हणून २०२४ साली पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने "बुढ्ढी के बाल" विकायला बंदी घातली. म्हणजे लोकरीचा रंग पोराच्या पोटात जातो, आणि आपण इथे खायचा रंग लोकरीला लावायला निघालो आहोत. या उलट्या वाटेवर आपण डबी वाचायला शिकलो, तर दोन्हीकडे उपयोग होईल.

धोका कुठे आहे ते नीट पाहा. पहिल्या महिन्यात बाई दुकानातून खायच्या रंगाची बंद डबी आणते. धंदा थोडा वाढला की डबी महाग वाटायला लागते. मग कोणीतरी सांगतं, रंगाच्या दुकानात सुटी पुडी मिळते, चौथाई किमतीत, आणि रंग दुप्पट गडद. पुडीवर नाव नाही, क्रमांक नाही. आणि ती पुडी येते त्याच स्वयंपाकघरात, त्याच फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. पुडी उघडली की धूळ उडते, ती श्वासात जाते. हात रंगतात. हात रंगण्याचं कारण मघाशी सांगितलं तेच, कातडीही लोकरीच्याच जातीची आहे.

रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो, हे जर्मनीतल्या लुडविग रेन या सर्जनने १८९५ सालीच मांडलं होतं. बेंझिडिन नावाच्या द्रव्यापासून केलेले रंग विशेष धोक्याचे, हे पुढे सिद्ध झालं. १९९४ साली जर्मनीने अशा घातक ॲझो रंगांच्या कापडावर बंदी आणली. तेव्हा आपला निर्यातीचा माल परत येईल म्हणून इकडे धावपळ झाली. आपल्या सरकारनेही १९९० च्या दशकात आधी बेंझिडिनचे ४२ आणि १९९७ साली आणखी ७० असे ११२ रंग बंद केले. बंदी चांगलीच झाली. पण तिचा क्रम लक्षात घ्या. कामगाराचा आजार शंभर वर्षं माहीत होता, आणि हालचालीला जोर आला तो परदेशी गिऱ्हाइकाच्या कातडीची काळजी निघाली तेव्हा. कारखान्यात निदान निरीक्षक यायची सोय आहे. बाईच्या ओट्यावर कोण येणार? तिथे निरीक्षक तिनेच व्हायचं आहे. आणि त्यासाठी लागणारी माहिती तिला देणं हे आपलं काम आहे.

मग "खायचा रंग म्हणजे निर्धास्त" असं म्हणायचं का? तेही नको. खाण्यात रंगाची मर्यादा साधारणपणे एका किलोला १०० मिलिग्रॅम आहे. शंभर ग्रॅम लोकर गडद रंगवायला शुद्ध रंग सुमारे एक ग्रॅम लागतो. म्हणजे दहा किलो मिठाईला पुरेल एवढा रंग आपण एका लडीसाठी हाताळतो. म्हणून साध्या पाच गोष्टी पाळायच्या. एक, सुटी, बिननावाची पुडी घरात आणायची नाही, कितीही स्वस्त असली तरी. दोन, पातेलं, चमचा आणि चाळणी रंगाची वेगळी, त्यावर खूण करायची, त्यात परत भाजी शिजवायची नाही. तीन, पूड मोजताना नाकातोंडावर ओढणी किंवा पदर बांधायचा, हातात रबरी मोजे घालायचे, पंखा बंद ठेवायचा. चार, स्वयंपाक चालू असताना रंगकाम नाही, आणि खिडकी उघडी. व्हिनेगरची गरम वाफ डोळ्याला आणि घशाला झोंबते. दमा असलेल्या बाईने हे काम अंगावर घेऊ नये. पाच, पातेल्यावर झाकण आणि लहान मूल हाताशी नाही. एकाच खोलीत सगळा संसार असेल तर ही पाचवी अट पाळता येत नाही, हे मला माहीत आहे. तिथे आपण बाईला दोष द्यायचा नाही, जागा शोधायची. त्याबद्दल पुढे बोलते.

फेकलेली लोकर

आणखी एक प्रश्न विचारते. आपण रंगवायला पांढरी लोकर कुठून आणणार? उत्तरेतून येणारी, महागडी. आणि आपल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या माळावर चरणाऱ्या दख्खनी मेंढ्यांची लोकर? ती वर्षातून दोनदा कातरली जाते. तिच्यापासून घोंगडी होते. धनगरांच्या बाया लोकर निवडतात, पिंजतात, कातायला बसतात. सनगर विणतात. मागाच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लागते. घोंगडीचं नाव घेताना मेंढपाळाचं आणि विणकराचं नाव येतं. निवडणारी, कातणारी, खळ करणारी बाई कुणाच्या हिशेबात नसते.

आज ही लोकर अनेक ठिकाणी फेकून दिली जाते, कारण कातरणीचा खर्चही तिच्या भावातून निघत नाही. गावाबाहेर खरी लोकर पडलेली, आणि गावातल्या प्रशिक्षणाच्या वर्गात ॲक्रिलिकचे गुंडे विकत आणलेले, असं चित्र आहे. दख्खनी लोकर जाड आहे, टोचते, आणि बहुतांशी काळी-करडी आहे. काळ्यावर रंग दिसणार नाही, हे खरं. पण कातरलेल्या ढिगात पांढरट आणि फिकी करडी लोकरही असते. फिक्या करड्यावर पिवळा-तांबडा घातला तर विटकरी, मातकट छटा येतात. आसनं, गालिचे, पिशव्या यांना त्या शोभतात, आणि अंगाला टोचण्याचा प्रश्नही तिथे येत नाही. आणि कोणती लोकर कशी कातली जाईल, कोणत्या मेंढीची मऊ, हे ज्ञान कुणाकडे आहे? त्या बायांकडे. आपण त्यांना "प्रशिक्षणार्थी" म्हणून चटईवर बसवण्याऐवजी त्यांनाच पहिलं सत्र घ्यायला सांगितलं पाहिजे, आणि त्या सत्राचं मानधनही दिलं पाहिजे.

"घरबसल्या" या शब्दाबद्दल

आता तिसरा प्रश्न, पैशाचा. "घरबसल्या कमवा" अशी पाटी आपण पाहतो. हा शब्द कुणी काढला कोण जाणे! बाई घरी बसलेली कधी असते? पाणी, स्वयंपाक, धुणं, पोरं, म्हाताऱ्यांचं औषध, यातून उरलेल्या वेळात ती लडी भिजवते. भिजेपर्यंत भाकरी करते. तिच्या या वेळाला नाव नाही, म्हणून त्याला भावही नाही. "रिकामा वेळ होता, तेवढंच मीठ-मिरचीला" असं घरातली माणसं म्हणतात, आणि तीही म्हणते.

छंद म्हणून रंगवणारीचं ठीक आहे. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, सरबताच्या पुड्यांनी लोकर रंगवण्याचा छंद पुष्कळ जणी करतात. त्या पुडीत आंबटपणा आधीच असतो, वेगळं व्हिनेगरही लागत नाही. आपल्याकडेही शहरात असे वर्ग निघाले आहेत. छंद हा बाईचा हक्कच आहे, त्यात कमी काही नाही. मनासारखा रंग आपल्या हाताने काढण्यात मोठा आनंद आहे, आणि तो कष्टकरी बाईलाही मिळायला हवा. पण छंदाची कृती जशीच्या तशी उचलून तिला उत्पन्नाचं साधन म्हणून वस्तीत नेली, की हिशेब बदलतो. चला, आपण हिशेब करू. आकडे मी समजायला धरते, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा, शंभर ग्रॅमच्या दहा लड्या १५० रुपयांना एक अशा आणल्या. दीड हजार झाले. रंग, व्हिनेगर, गॅस मिळून १२० रुपये. रंगवलेली लडी १९० रुपयांना गेली. दहाचे १९०० आले. हातात राहिले २८० रुपये. गटातली बाई म्हणेल, चला, २८० तर २८०. आता वेळ मोजा. भिजवणं-धुणं एक तास, दोन खेपांत रंगवणं तीन तास, खळबळणं-वाळवणं एक तास, आणि लडी सोडवून गुंडे करणं, एकाला वीस मिनिटं म्हणजे दहांना तीन तास वीस मिनिटं. एकूण आठ तास वीस मिनिटं. २८० ला भागलं तर तासाला साडेतेहतीस रुपये. बाजारात जाणं-येणं, गिऱ्हाइकाची वाट पाहणं यात धरलेलंच नाही. आता एकच लडी बिघडली, नमदा झाला, समजा. नऊ लड्यांचे १७१० आले. खर्च तोच, १६२०. उरले ९० रुपये. तासाला अकरा रुपयेसुद्धा नाहीत.

हा हिशेब फळ्यावर मांडला की बाया गप्प होतात, मग बोलायला लागतात. एका गटातली बाई म्हणाली, "म्हणजे गुंडे करायचं काम माझी पोरगी करते, तिचे तीन तास आम्ही धरलेच नव्हते." हे फार महत्त्वाचं बोलली ती. घरच्या धंद्यात बाईच्या फुकट श्रमाखाली मुलीचे फुकट श्रम असतात, आणि तिची शाळा त्यात जाते. म्हणून हिशेबाच्या वहीत "कोणी केलं" हा रकाना हवाच.

हा हिशेब घाबरवण्यासाठी नाही, शहाणं होऊन पुढे जाण्यासाठी आहे. नुसत्या लड्या विकण्यात पैसा नाही, तयार वस्तूत थोडा जास्त आहे. एकेकटीने दहा घरी दहा पातेली चढवण्यापेक्षा गटाने एका जागी मोठ्या पातेल्यात रंगवलं, तर इंधन, वेळ आणि बिघाड तिन्ही कमी होतात, आणि मघाचा एका खोलीतल्या पोराबाळांचा प्रश्नही सुटतो. ही जागा समाजमंदिराची पडवी असेल, अंगणवाडीमागची शेड असेल. ती मागणं हा गटाचा हक्क आहे. ग्रामसभेत ही मागणी ठेवा.

आणि व्यापारी लोकर देऊन रंगवून घेत असेल, तर ती बाई उद्योजक नाही, कामगार आहे. हे आपल्या मनात स्वच्छ असू द्या. हल्ली तिला "उद्योजिका" म्हणण्याची पद्धत आहे. नाव मोठं दिलं की मजुरी कमी देता येते. विडी कामगार बायांनी हे केव्हाच ओळखलं. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात घरी विडी वळणारी बाईसुद्धा कामगार मानली गेली. अहमदाबादेत १९७२ साली इला भट्ट यांनी सेवा ही संघटना उभी केली, तिच्यात घरी काम करणाऱ्या बाया मोठ्या संख्येने होत्या. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी राहून काम करणाऱ्या कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, त्यामागे या बायांची वर्षानुवर्षांची धडपड होती. इतर मजुरांच्या बरोबरीची वागणूक, हे त्या कराराचं सूत्र आहे. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षा कायद्यात आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली. पण व्याख्येने पोट भरत नाही. दर कोण ठरवतं, बिघडलेल्या मालाचे पैसे कोण कापतं, हात सोलले तर औषध कोण देतं, हे अजून बाईच्या आणि व्यापाऱ्याच्या मधेच आहे. आणि त्या दोघांत ती एकटी आहे.

गटात जाऊन काय करायचं

परत गेल्यावर हा विषय गटात काढा, पण क्रमाने काढा. पहिल्या बैठकीत धागा जाळून पाहा आणि डब्यांवरचे क्रमांक वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आकडे ओळखायला शिकवा. तेच क्रमांक त्यांना उद्या पोरांच्या खाऊच्या पाकिटावरही दिसतील. दुसऱ्या बैठकीत एकच लडी रंगवा, विकण्यासाठी नाही, पाहण्यासाठी. पाणी निवळताना सगळ्यांनी पाहिलं पाहिजे. तिसऱ्या बैठकीत हिशेब, वेळासकट. चौथ्या बैठकीत ठरवा: हे छंद म्हणून करायचं, एकत्र धंदा म्हणून करायचं, की नाहीच करायचं. "नाही करायचं" हाही गटाचा निर्णय असू शकतो, आणि हिशेब करून घेतला असेल तर तो चांगला निर्णय आहे.

व्यापाऱ्याच्या कामावर जायचं ठरलं, तर एकटीने दर बोलायचा नाही. रंगाची डबी कोणती ते आपण पाहणार, बिननावाची पुडी परत करणार, लडीमागे दर वेळ मोजून सांगणार, आणि बिघाडाचे पैसे एकटीच्या अंगावर पडणार नाहीत. या चार अटी कागदावर लिहून सगळ्यांनी सही किंवा अंगठा करा. एकीने कमी दरात काम उचललं की बाकीच्यांचा दर पडतो, हे बायांना आपण सांगायची गरज नाही, त्यांनी ते शेतमजुरीत पाहिलेलं आहे. आपण फक्त कागद आणि पेन घेऊन बसायचं.

आता प्रश्न विचारा. आणि ज्यांनी लोकर कातली आहे, धुतली आहे, रंगवली आहे, त्यांनी आधी बोला.